वडखळचा सातबारा आणि फुफीची सही

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत झेरॉक्स. डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडं सुपरवायझर आहे, वडखळला भाड्यानं राहतो, लग्न होऊन चार वर्षं झालीत. "सर, दोन गुंठे घेतोय. तुम्ही एकदा कागद बघा. मला त्यातलं मराठी कळत नाही." सातवीपर्यंत मी त्याला उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवलं आहे, त्यामुळं हे वाक्य मला जरा लागलं. पण खरं सांगायचं तर महसुली मराठी मलाही बीएडमध्ये कुणी शिकवली नव्हती. वडिलांच्या पश्चात तलाठी कार्यालयाच्या फेऱ्या मारताना ती शिकलो.

पिशवीत दोन गठ्ठे होते. एक, तो घेणार होता त्या वडखळजवळच्या जमिनीचा: सातबारा आणि जुने फेरफार. दुसरा त्याच्या स्वतःच्या गावचा, रोहा तालुक्यातला, कारण शेतजमीन घ्यायची तर आपण शेतकरी असल्याचा पुरावा द्यावा लागतो. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणं बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेती विकत घेता येत नाही. आम्ही चटईवर कागद पसरले आणि दुपारच्या जेवणापर्यंत वाचत बसलो. त्या दिवशी जे डोळ्यांसमोर आलं ते इथं लिहितो आहे, कारण आपल्यातली निदान शंभर घरं आज अशाच पिशव्या घेऊन फिरत असतील.

वडखळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पनवेलहून गोव्याकडं निघालं की पेणनंतर वडखळ नाका लागतो. इथून एक रस्ता नागोठण्याकडं आणि पुढं कोकणात जातो, दुसरा धरमतर ओलांडून पोयनाड, अलिबागकडं. मुंबईकरांना हा नाका वाहतूक कोंडीमुळं आठवतो. पण नाक्यावरून खाडीच्या दिशेला उतरलं की जो सपाट, झाड नसलेला, पावसाळ्यात हिरवा आणि मे महिन्यात भेगाळलेला प्रदेश लागतो तो खारेपाट. माझा विद्यार्थी जे दोन गुंठे घेणार होता ते या खारेपाटाच्या कडेला, मुरमाचा भराव टाकून उंच केलेले.

ही जमीन मुळात जमीन नव्हती, ती खाडी होती. भरतीचं पाणी आत शिरायचं, तिवरं उगवायची, चिखल साचायचा. त्या चिखलाभोवती माणसांनी हातानं बांध घातले. बाहेरच्या मोठ्या बांधाला इथं बाहेरकाठा म्हणतात, पाणी सोडायच्या दाराला उघाडी. पावसाचं गोडं पाणी दोन-तीन वर्षं आत धरून ठेवायचं, ओहोटीला उघाडीतून खारं पाणी काढून टाकायचं, असं करत करत मिठाचा अंश उतरतो आणि मग भात पिकतं. उधाणात बाहेरकाठ्याला खांड पडली की घरटी एक माणूस धावायचा, चिखलाचे गोळे हातोहात द्यायचे. एक रात्र उशीर झाला तर समुद्र शेतात येतो आणि पुढची काही वर्षं तिथं भात होत नाही. मेहनत आगरी आणि कोळी माणसांची. तळ्यात जिताडा पाळायचा, बांधावर भाजी लावायची, मीठ पिकवायचं, हा सगळा संसार त्या बांधाच्या भरवशावर.

आता यातला कागद कुणाच्या नावावर? पेण आणि अलिबागच्या बाजूला या जमिनींसाठी शिलोत्री नावाची एक वेगळी पद्धत होती. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये तिचं वर्णन आहे. बाहेरकाठ्याची देखभाल करायची जबाबदारी शिलोत्रीदाराची, आणि त्याबदल्यात त्यानं कसणाऱ्यांकडून, सरकारी साऱ्याशिवाय, ठरावीक भात घ्यायचं. कल्पना वाईट नव्हती. बांध सगळ्यांचा, तर कुणीतरी एकानं तो सांभाळावा, बाकीच्यांनी त्याला धान्य द्यावं. पण काळाच्या ओघात भात घ्यायचा हक्क वंशपरंपरेनं टिकला आणि बांध सांभाळायचं काम पुन्हा कसणाऱ्याच्याच डोक्यावर आलं. हा हक्क कायद्यानं संपवायला १९५५ साल उजाडावं लागलं. त्या कायद्याच्या नावातच 'कुलाबा जिल्हा' आहे, म्हणजे ही भानगड किती स्थानिक होती बघा. त्याआधी १९४८ मध्ये खार जमिनींसाठी कायदा झाला, नंतर १९७९ चा खारभूमी विकास कायदा आला आणि बांधांची जबाबदारी बऱ्याच अंशी सरकारकडं गेली. बांध आजही फुटतात, ही गोष्ट वेगळी.

आम्ही वाचत होतो त्या सर्व्हे नंबरच्या सगळ्यात जुन्या पानावर कब्जेदार म्हणून पेणच्या एका सावकाराचं नाव होतं. कसणाऱ्याचं नाव उजव्या बाजूला, 'इतर हक्क' या रकान्यात. त्या एका रकान्याच्या अंतरासाठी याच रस्त्यावर, वडखळहून अलिबागला जाताना पोयनाडजवळ लागणाऱ्या चरी गावात, मोठी लढाई झाली. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरीत सभा झाली आणि २५ गावांच्या कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असं ठरवलं. नारायण नागू पाटील हे त्यांचे पुढारी. संप सहा वर्षं चालला. शेतं पडीक, माणसं जंगलातून लाकडं तोडून आणि खाडीतली मासळी विकून जगली. १९३७ मध्ये 'कृषीवल' वर्तमानपत्र सुरू झालं ते याच चळवळीतून, ते अजून अलिबागहून निघतं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ मध्ये संप मिटला, कुळाला कायद्यात 'कूळ' म्हणून ओळख मिळाली. पुढं १९४८ चा कुळकायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, ज्या दिवशी कसणारा कूळ कायद्यानं मालक मानला गेला.

इथं आपल्या लोकांसाठी एक गोष्ट लिहायलाच हवी. कोकणातले खोत म्हणजे फक्त ब्राह्मण-मराठे नव्हेत. कोकणी मुसलमानांतही खोत होते आणि 'खोत' हे आडनाव आजही आपल्या मोहल्ल्यांत आहे. लग्नाच्या बैठकीत "आमचे पणजोबा पाच गावांचे खोत" हे मी अभिमानानं सांगितलेलं ऐकलं आहे. ते सांगताना कुळांच्या खळ्यावरून उचललेल्या भाताचाही उल्लेख व्हावा, एवढंच माझं म्हणणं. आपल्यातले बरेच जण त्याच वेळी कूळही होते, आणि १९५७ नं त्यांनाही जमीन दिली. माझ्या विद्यार्थ्याचे पणजोबा त्यातलेच. 'कलम ३२ ग प्रमाणे किंमत ठरवली, हप्ते भरले, ३२ म चे प्रमाणपत्र दिले' असा फेरफार त्याच्या दुसऱ्या गठ्ठ्यात होता. तो वाचून दाखवला तेव्हा पोरगा जरा ताठ बसला.

म्हणजे दोन गठ्ठे, एक आगरी कुटुंबाचा, एक मुसलमान कुटुंबाचा, आणि दोन्हींत १९५७ नंतरचा तोच फेरफार. मला वाटतं रायगडमध्ये आपण शेजारी कसे झालो याचा यापेक्षा चांगला पुरावा कुठल्या भाषणात मिळणार नाही.

पुढची तीसेक वर्षं फेरफारांत विशेष काही नाही. कुणी मेलं, वारस लागले, सोसायटीचं कर्ज चढलं, उतरलं. जमिनीला भाताखेरीज किंमत नव्हती. पोरं मुंबईला गिरणीत, गोदीत जायची. आपली पोरं सत्तरच्या दशकापासून आखातात. त्याआधी आणखी एक समाज इथून निघून गेला, तो म्हणजे बेने इस्रायल, आपल्याकडं ज्यांना शनवार तेली म्हणत. १९४८ नंतर ते हळूहळू इस्रायलला गेले. पेणला त्यांचं सिनेगॉग आहे, अलिबागला इस्रायल आळी हे नाव आहे, पण घरांतून आता दुसरी माणसं राहतात. आपल्या मोहल्ल्यांतल्या आखाती पैशाच्या बंगल्यांकडं बघताना मला ती आळी आठवते. रोहा, म्हसळा, श्रीवर्धनकडं जाऊन बघा. संगमरवरी जिना, रंगीत काचा, आणि दाराला कुलूप. वर्षातून एकदा मालक येतो, महिनाभर दिवे लागतात. आणि पन्नास किलोमीटरवर, जिथं काम आहे, तिथं आपलाच पोरगा खोली शोधत फिरतो.

काम आलं ते ऐंशीच्या दशकापासून. अलिबागजवळ थळचा खत कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, रोह्याची धाटाव एमआयडीसी. १९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत आली, आणि रोह्यापासून पुढं कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाली. नव्वदच्या दशकात डोलवीला धरमतर खाडीच्या काठावर पोलाद कारखाना उभा राहिला. आधी इस्पात, २०१० च्या शेवटी जेएसडब्ल्यूकडं गेला आणि वाढत वाढत वर्षाला १ कोटी टन क्षमतेपर्यंत पोचला. या सगळ्याचा परिणाम जनगणनेत दिसतो. १९९१ मध्ये रायगड जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख २४ हजार होती, २०११ मध्ये २६ लाख ३४ हजार. यातली मोठी वाढ पनवेलकडची हे खरं, पण वडखळ नाक्यावर संध्याकाळी सहाला उभं राहिलं की आकडा न बघताही वाढ कळते. त्यानंतरची जनगणना झालीच नाही, त्यामुळं पंधरा वर्षांत इथं किती माणसं आली हे सरकारी कागदावर अजून उमटलेलं नाही.

ही माणसं राहतात कुठं? कारखान्याच्या वसाहतीत कायम नोकरीतले थोडे. बाकीचे, म्हणजे ठेकेदाराकडचे हजारो, आसपासच्या गावांत. गावातल्या माणसानं घरामागच्या वाड्यात सिमेंटच्या ठोकळ्यांच्या पाच-दहा खोल्या काढल्या, वर पत्रा टाकला, टोकाला एक-दोन संडास. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, बंगाल, झारखंडची पोरं एका खोलीत सहा-सहा, आठ-आठ. भाडं डोक्यामागं. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच चटईवर झोपतो. मे महिन्यात त्या पत्र्याखाली दुपारी झोप कशी लागते हे मी एका पालकाला विचारलं, तर तो म्हणाला, "थकल्यावर लागते, मास्तरजी." त्यांची मुलं आमच्या शाळेत ऑगस्टमध्ये येतात आणि ठेका संपला की फेब्रुवारीत नाहीशी होतात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढं शेवटी मला 'स्थलांतरित' लिहावं लागतं. मागच्या गावाचा दाखला नसतो, पुढच्या गावाचा पत्ता नसतो.

या खोल्यांची नोंद सातबाऱ्यावर नसते. गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या उताऱ्यात. घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे, आणि म्हणून त्या उताऱ्यावर बँक सहसा घरकर्ज देत नाही. आता ड्रोननं गावठाणं मोजून मालमत्ता पत्रक द्यायचं काम २०२० पासून चाललं आहे, ते जिथं पूर्ण झालं तिथं थोडा फरक पडेल. पण भाडेकरूच्या नावाचा कागद कुठल्याच दप्तरात नाही. अकरा महिन्यांचा करार करणारे मालक इथं विरळा. करार नाही, म्हणून राहिल्याचा पुरावा नाही, म्हणून रेशन नाही, गॅसचं कनेक्शन नाही.

मी स्वतः बदली होऊन या भागात आलो तेव्हाची गोष्ट. एका नव्या इमारतीत दोन खोल्या रिकाम्या होत्या. एजंट छान बोलत होता, नाव विचारलं, मी सांगितलं, आणि त्याला अचानक आठवलं की तो फ्लॅट कालच गेला. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, सोसायटीत मांसाहार चालत नाही. वडखळमध्ये! जिथं जिताड्यासाठी माणसं पावसात रांग लावतात. शेवटी खोली दिली ती गावातल्या एका आगरी म्हाताऱ्या बाबांनी. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मास्तर, पानी भरायला सकाली लवकर उठशील ना?" तेव्हा वाटलं होतं, बरं झालं, नावावरून काही नाही. महिनाभरात कळलं की पाण्याचाच प्रश्न सगळ्यात कठीण होता.

खारेपाटात विहीर खणली तर खारं पाणी, बोअर मारली तरी खारं. पिण्याचं पाणी डोंगराकडून आणावं लागतं. पेणजवळ हेटवण्याचं धरण आहे, मोठं आहे, पण त्याचं पाणी मोठ्या प्रमाणात सिडको नवी मुंबईला नेते. पाइप आपल्या डोळ्यांदेखत जातो. शहापाडा धरणावरची योजना गावांना पुरत नाही, उन्हाळ्यात टँकर येतो आणि टँकरमागं बायका धावतात. नव्या इमारतींच्या जाहिरातीत 'चोवीस तास पाणी' असं छापलेलं असतं. ते पाणी कुठून येणार हे विचारायची पद्धत नाही.

हेटवण्याच्या पाण्यावरूनच २००८ ची गोष्ट निघते. पेण, उरण आणि पनवेल या तालुक्यांतल्या गावांची जमीन घेऊन रिलायन्सचं महामुंबई एसईझेड करायचं ठरलं होतं. हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी सांगितलं, आमच्या जमिनीला कालव्याचं पाणी द्यायचं कबूल केलं होतं, ते द्या, जमीन आम्ही देत नाही. एन. डी. पाटलांसारखी माणसं मागं उभी राहिली. सरकारनं शेवटी २१ सप्टेंबर २००८ ला या गावांत मत घेतलं: जमीन द्यायची की नाही. देशात असं मतदान पहिल्यांदाच झालं. लोकांनी मोठ्या संख्येनं नकार दिला, पुढं भूसंपादनाची मुदत संपली आणि प्रकल्प बारगळला. हा रायगडच्या शेतकऱ्यांचा चरीनंतरचा मोठा विजय, आणि मी तो वर्गात मुलांना सांगतो. पण मत होतं खातेदाराला. सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. शेतात लावणी करणाऱ्या बहुतेक बायकांचं नाव तिथं नव्हतं, म्हणून त्यांना मत नव्हतं. मोर्चात मात्र त्या पुढच्या रांगेत होत्या.

एसईझेडला नकार मिळाला, तरी पुढच्या दहा वर्षांत जमीन गेलीच, थोडी थोडी, आपखुशीनं. त्यात २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि जवळपास दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. निवृत्त शिक्षक, गणपतीच्या कारखान्यातले कामगार, मुलीच्या लग्नासाठी साठवणारी माणसं. माझ्या ओळखीतल्या अनेकांनी त्यानंतर बँकेवरचा विश्वासच सोडला आणि जे होतं ते जमिनीत घातलं. ज्यांना पैसा उभा करायचा होता त्यांनी जमीन विकली. दोन्ही बाजूंनी बाजार तापला.

आणि मग २०१४ ची दुरुस्ती. कुळकायद्यानं मिळालेली जमीन विकायची तर कलम ४३ प्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागायची. सातबाऱ्यावर तसा शेरा असे. कुळाच्या हातून जमीन पुन्हा सावकाराकडं जाऊ नये हा त्यामागचा हेतू. २०१४ मध्ये असं ठरलं की खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या ४० पट नजराणा भरा, परवानगीची गरज नाही. आकार म्हणजे शेतसारा, तो रुपया-पैशांत. आम्ही बघत होतो त्या जमिनीचा नजराणा भरल्याची पावती गठ्ठ्यात होती. ती रक्कम वाचून माझा विद्यार्थी हसला, त्याच्या मोबाइलच्या महिन्याच्या बिलापेक्षा कमी होती. चरीच्या माणसांनी सहा वर्षं उपाशी राहून जे कुंपण मिळवलं होतं ते एवढ्याला निघालं. मी दुरुस्ती चूक म्हणत नाही. आजारपणाला, शिक्षणाला जमीन विकायची वेळ आलेल्या शेतकऱ्याला वर्षभर कचेरीत झुलवणं हेही काही बरं नव्हतं. पण कुंपण कुणासाठी होतं हे विसरून ते काढलं गेलं असं मला वाटतं.

त्यानंतर रस्ते. मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल ते इंदापूर ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि त्यानं आमच्या आयुष्याची किती वर्षं धुळीत घालवली ते विचारू नका. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला, शिवडीहून समुद्रावरून थेट न्हावा. विरार-अलिबाग कॉरिडॉरचा रस्ता पेण तालुक्यातल्या बलवलीपर्यंत यायचा आहे. आणि २०२४ मध्येच उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांचं नवं शहर वसवायचं काम एमएमआरडीएकडं दिलं गेलं, ज्याला सगळे 'तिसरी मुंबई' म्हणतात. वडखळच्या रस्त्यावर जाहिरातीचे जे फलक लागलेत त्यावर सगळ्यावर एकच वाक्य असतं: मुंबईपासून अमुक मिनिटं. वडखळपासून वडखळच्या माणसाला घर किती लांब, हे कुणी लिहीत नाही.

तर दोन गुंठे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. आपल्याकडं आता जिरायत जमिनीचा २० गुंठ्यांपेक्षा आणि बागायतीचा १० गुंठ्यांपेक्षा लहान तुकडा पाडून विकता येत नाही. मग दलाल काय करतो? वीस गुंठ्यांचं एकच खरेदीखत करतो आणि त्यात दहा खरेदीदार घालतो. सातबाऱ्यावर दहाही नावं लागतात, सामाईक. कुणाचे दोन गुंठे कुठले हे कागदावर कुठंच नसतं, ते चुन्याच्या रेघेवर असतं. पाऊस पडला की रेघ जाते. अशा जागेवर बांधकाम परवानगी मिळत नाही, कर्ज मिळत नाही, दहातला एक भांडला किंवा मेला की नऊ जण अडकतात. २०२५ मध्ये शहरालगतचे असे जुने गुंठ्यांचे व्यवहार नियमित करण्याची घोषणा झाली आणि दलालांनी ती लगेच "आता सगळं चालतं" अशी वाचून दाखवायला सुरुवात केली. कुठल्या भागाला, कुठल्या तारखेपर्यंतच्या व्यवहारांना, हे ते सांगत नाहीत. विद्यार्थ्याला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, बिल्डरचा फ्लॅट मला झेपत नाही, भाड्याच्या खोलीत पोर सारखं आजारी. मग मी काय करू?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. नियम पाळून ठेक्यावरच्या कामगाराला घेता येईल असं घर वडखळमध्ये कुणी बांधतच नाही.

मग मी त्याच्या गावचा गठ्ठा उघडला, आणि खरं अवघड पान तिथं निघालं. पणजोबांनंतर आजोबा, आजोबा १९९६ मध्ये गेले. वारस: दोन मुलगे, तीन मुली. पुढच्याच फेरफारात तिन्ही मुलींचं हक्कसोड पत्र, 'स्वखुशीने व विनामोबदला'. नंतर मोठ्या मुलाचं नाव, पुढं 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. मुसलमानांच्या वारसा कायद्यात एकत्र कुटुंब नावाची गोष्टच नाही. बाप गेला त्या क्षणी प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला असतो, मुलीचा मुलाच्या निम्मा. सूरह निसा आपण रमजानमध्ये दरवर्षी ऐकतो. पण तलाठ्याला शेजारच्या घरात जे लिहायची सवय तेच त्यानं आपल्या घरात लिहिलं, आणि आपल्यालाही ते सोयीचं म्हणून कुणी हरकत घेतली नाही. १९३७ चा शरियत कायदा आला तेव्हा त्यातून शेतजमीन वगळलेली होती, हे आपल्यातल्या शरियतवर तासभर बोलणाऱ्यांनाही बऱ्याचदा माहीत नसतं.

विकणाऱ्या आगरी कुटुंबाच्या कागदातही नेमकं हेच. महाराष्ट्रात हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क १९९४ मध्ये मिळाला, देशभर २००५ मध्ये. त्या फेरफारातही चार बहिणी, चौघींचा हक्कसोड, चौघींना साडीचोळी. विद्यार्थ्याला दलालानं सांगितलं होतं, "बहिणींच्या सह्या झाल्यात, टेन्शन नको." जमिनीला भाताइतकीच किंमत होती तेव्हा भावाचं माहेरपण टिकावं म्हणून बहिणी सही करायच्या, हे मी समजू शकतो. माझ्या आईनंही केली. पण आता त्याच जमिनीचे गुंठ्याला लाखांत पैसे येतात, आणि सही मात्र अजून साडीवरच होते.

माझ्या विद्यार्थ्याच्या तीन फुफींपैकी दोघी गेल्या. तिसरी विधवा आहे, रोह्यात मुलाच्या घरी एका खोलीत राहते. हक्कसोड कायद्यानं पक्का आहे, नोंदणी झालेली आहे, त्याला कोर्टात भीती नाही. हे सगळं मी त्याला सांगितलं, आणि मग हेही सांगितलं की ज्या शेतकरी दाखल्यावर तू वडखळला दोन गुंठे घेणार आहेस त्या दाखल्यातली काही जमीन फुफीची आहे. तो बराच वेळ गप्प बसला. चहा थंड झाला. शेवटी म्हणाला, "अब्बांना कसं सांगू?"

वडखळचा व्यवहार त्यानं तूर्त थांबवला. दहा नावांच्या खरेदीखताची त्याला भीती वाटली हे खरं कारण. पण पुढच्या जुम्म्याला नमाजनंतर तो फुफीकडं गेला होता, काका बरोबर नव्हते, अब्बाही नव्हते. त्यानं फोन करून सांगितलं. गावची जमीन कधी विकली तर तिचा हिस्सा तिला मिळेल, तसं कागदावर लिहून देतो, असं तो म्हणाला. फुफी आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, आता या वयात मला काय करायचंय. आणि तो निघायला उठला तेव्हा दारात थांबवून विचारलं, "त्या कागदावर माझं नाव कसं लिहिणार रे? अब्बांचं लावून, की सासरचं?"